उसाचा फुटवा, बाटलीतली रोपं आणि सिक्स बीए

चांगला वर आलेला जेठा, म्हणजे बेण्यातून पहिला आलेला मुख्य, कोंब मोडायला सांगितलं की नव्यानं ऊस करणारा माणूस बिचकतो. लावणीला दीड-दोन महिने झालेले असतात, पाणी दिलेलं असतं, खताचा एक हप्ता पडलेला असतो, आणि सरीत नजरेत भरावा असा तोच एक कोंब उभा असतो. तोच मोडायचा. कोल्हापूर भागातली मुरलेली माणसं मात्र विळा घेऊन सरीत उतरतात आणि गप्पा मारत मोडत जातात. थोड्याच दिवसांत बुडाशी पाच-सहा फुटवे दिसू लागतात, जवळजवळ एका वयाचे आणि एका जाडीचे. हेच फुटवे पुढं मोळीत जाणारा ऊस होतात.

एक कोंब मोडल्यावर पाच का येतात, याचं उत्तर वनस्पतीच्या दोन संप्रेरकांत आहे. त्यातलं ऑक्झिन शेंड्यात तयार होतं आणि खाली बुडाकडे वाहत राहतं. जोवर ते वरून येत असतं तोवर बुडाजवळचे डोळे, म्हणजे न फुटलेल्या कळ्या, झोपून राहतात. दुसरं सायटोकायनिन. ते डोळ्यांना जागं करतं. शेंडा गेला की ऑक्झिनचा प्रवाह तुटतो आणि त्यानं दाबून ठेवलेलं सायटोकायनिन खोडातच, डोळ्यांच्या शेजारी, तयार व्हायला लागतं. जपानी संशोधकांनी २००६ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर हे दाखवलं: शेंडा छाटला की पेराजवळ सायटोकायनिन बनवणारी जनुकं सुरू होतात, आणि छाटलेल्या जागी ऑक्झिन लावलं की गप्प बसतात.

गोष्ट इथं संपत नाही. २०१४ मध्ये वाटाण्यावरच झालेल्या आणखी एका अभ्यासात दिसलं की शेंडा छाटल्यावर डोळा फुगायला लागतो तो ऑक्झिन कमी झाल्याचा निरोप खाली पोचायच्याही आधी. कारण शेंडा जी साखर ओढून घेत होता ती मोकळी होते आणि डोळ्यांकडे वळते. म्हणजे आधी साखर, मग संप्रेरकं. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये.

सायटोकायनिन हे एका पदार्थाचं नाव नाही, गटाचं आहे. या गटातली बहुतेक द्रव्यं ॲडेनिनपासून बनतात, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी जे एक, त्याच रेणूला एक शेपूट जोडून. वनस्पती ती मुळांच्या टोकाशी भरपूर बनवते, थोडी खोडात आणि कोवळ्या पानांतही बनवते. मुळांत बनलेली पाण्याबरोबर वर चढतात. मुळांना नायट्रेट मिळालं की हे उत्पादन वाढतं. नत्राचा हप्ता टाकून पाणी दिल्यावर ऊस फुटव्यावर येतो, त्यामागचं एक कारण हे आहे. नत्र पानात जातंच, पण ‘खाली खायला आहे, वर वाढा’ असा निरोपही मुळं पाठवतात.

निरोप हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण दुकानात या द्रव्याला सर्रास टॉनिक म्हणतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. कारखान्याची तोडीची चिठ्ठी आली म्हणून ऊस आपोआप तुटत नाही. टोळी लागते, गाडी लागते, रानातून बाहेर पडायला रस्ता लागतो. सायटोकायनिन ही नुसती चिठ्ठी आहे. नत्र, साखर, पाणी, ऊन ही टोळी. टोळी नसताना चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून काही होत नाही.

हे द्रव्य सापडलं कसं, ती हकिगत थोडी विचित्र आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फोके स्कूग तंबाखूच्या खोडातला भेंडासारखा गर बाटलीत वाढवण्याच्या खटाटोपात होते. नुसतं ऑक्झिन दिलं की पेशी फुगायच्या, पण विभागायच्या नाहीत. नारळाचं पाणी घातलं की विभागायच्या. नारळाच्या पाण्यात काहीतरी आहे हे १९४१ पासून माहीत होतं. योहानेस व्हॅन ओव्हरबेक यांनी धोत्र्याचे कोवळे गर्भ त्यावर वाढवून दाखवले होते. पण ते ‘काहीतरी’ नेमकं काय, हे कळत नव्हतं. मग स्कूग यांच्याकडच्या कार्लोस मिलर यांनी हाताशी लागेल ते घालून बघायला सुरुवात केली. हेरिंग माशाच्या शुक्राणूंपासून काढलेल्या डीएनएची एक जुनी बाटली होती, तिनं काम केलं. पेशी भराभर विभागल्या. ती संपली, नवी मागवली, तर नवी काहीच करेना. ताजा डीएनए ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, उकळल्यावर मात्र तो जुन्यासारखाच वागू लागला. डीएनए मोडल्यावर तयार होणारं ते द्रव्य १९५५ मध्ये वेगळं काढलं गेलं. तेच कायनेटिन. झाडाच्या आतलं अस्सल सायटोकायनिन हाती यायला आणखी काही वर्षं लागली. मक्याच्या दुधाळ, न पिकलेल्या दाण्यांतून न्यूझीलंडच्या डेव्हिड लेथम यांनी १९६३ मध्ये झिॲटिन शुद्ध स्वरूपात मिळवलं.

मला या सगळ्यात सर्वांत मोठा वाटतो तो १९५७ चा स्कूग आणि मिलर यांचा निष्कर्ष, कारण त्यावर आजचा अख्खा टिश्यू कल्चरचा, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं करण्याचा, धंदा उभा आहे. तंबाखूच्या त्याच गराला त्यांनी ऑक्झिन आणि कायनेटिन वेगवेगळ्या प्रमाणात दिलं. सायटोकायनिन ऑक्झिनच्या मानानं जास्त, तर कोंब फुटतात. ऑक्झिन जास्त, तर मुळं. दोन्ही बरोबरीला असली की ना कोंब ना मुळं, नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो, ज्याला कॅलस म्हणतात. तुकडा तोच, अन्न तेच. बदललं फक्त दोघांचं परस्परांशी प्रमाण. एकट्या सायटोकायनिननं अमुक होतं असं विधान म्हणूनच नेहमी अर्धवट असतं. सोबत ऑक्झिन किती, हे विचारल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

मुळांच्या बाबतीत तर सायटोकायनिन चक्क उलटं वागतं. बर्लिनमध्ये टोमास श्म्युलिंग यांच्या गटानं तंबाखू आणि अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या झाडाच्या अशा रोपांचा अभ्यास केला, ज्यांत सायटोकायनिन मोडून टाकणारं विकर वाढवलं होतं. अंगात सायटोकायनिन कमी पडलेली ही रोपं वरून खुजी राहिली, पानं कमी आली. खाली मुळांचा पसारा मात्र नेहमीपेक्षा मोठा झाला. वर जे वाढवतं ते खाली आवरतं.

आता बाटलीत येऊ. उसाची टिश्यू कल्चर रोपं म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते पुण्याजवळच्या मांजरीतल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं. लॅब कुठलीही असो, आतलं काम साधारण एकच. निरोगी उसाचा शेंडा घ्यायचा, पानांचे वेढे एकेक करत सोलत जायचं, आणि मधला अगदी कोवळा कोंब लॅमिनार एअर फ्लोच्या स्वच्छ हवेत कापून माध्यमावर ठेवायचा. विषाणू घालवायचा असेल तर हा तुकडा एखाद्या मिलिमीटरचाच घेतात, कारण वाढीच्या टोकाशी विषाणू सहसा पोचलेला नसतो. कापल्यावर उसाचा तुकडा काळा पडतो. कापातून फिनॉल सुटतात आणि माध्यमही काळं होतं, म्हणून सुरुवातीला तो वरचेवर नव्या माध्यमावर हलवावा लागतो.

माध्यम म्हणजे क्षार, जीवनसत्त्वं आणि साखर यांचं पाणी. १९६२ मध्ये तोशिओ मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूसाठी बसवलेली कृती आजही जगभर ‘एमएस’ म्हणून चालते. लिटरला ३० ग्रॅम साखर, सामू ५.८, घट्ट करायचं असेल तर आगर, मग १२१ अंश सेल्सिअसला १५ पौंड दाबाखाली निर्जंतुक. बाटलीतलं रोप उजेडात असलं तरी स्वतःपुरतं अन्न बनवत नाही, ते या साखरेवर जगतं. उसाच्या पिलांना उसाचीच साखर पाजून वाढवायचं, असा हा मामला.

यात सायटोकायनिन पडतं ते बेंझिल ॲडेनिन, म्हणजे आपलं सिक्स बीए. झिॲटिन महाग, आणि उष्णतेत टिकण्याचा भरवसा नाही. बीए स्वस्त, ऑटोक्लेव्ह सोसणारं. उसाला लिटरमागे साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरतं, बऱ्याचदा जोडीला थोडं कायनेटिन. केळीच्या ग्रँड नैन वाणाला तीन ते पाच मिलिग्रॅमपर्यंत जावं लागतं. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे किती? एका ग्रॅममध्ये दोन हजार लिटर माध्यम होईल, इतका.

तीन-चार आठवड्यांत एका कोंबाच्या बुडाशी कोंबांचा झुबका होतो. लॅबमधल्या ताई तो चिमट्यानं बाहेर घेतात, पातीनं सोडवतात, दोन-तीन कोंबांच्या जुड्या करून नव्या बाटल्यांत टाकतात, आणि पात-चिमटा पुन्हा तापवतात. दर फेरीला तिप्पट धरलं तर आठ फेऱ्यांत एका कोंबाचे ६,५६१ होतात. बाटलीत बांधातून येणारा किडा नाही, तण नाही, पाण्याची पाळी नाही. जेठा कोंब मोडून रानात आपण जे एकदा करतो ते इथं सायटोकायनिन सतत करत राहतं: शेंड्याची सत्ता चालूच देत नाही, जो डोळा असेल त्याला उठवतं.

मग डोस वाढवून आणखी कोंब का काढत नाहीत? कारण जास्त झालं की रोपं काचेसारखी होतात. पानं पारदर्शक, पाणीदार, ठिसूळ. त्यांची पर्णरंध्रं नीट बंद होत नाहीत आणि बाटलीबाहेर काढली की तासाभरात मान टाकतात. फेऱ्या फार वाढवल्या तर दुसराच घोटाळा होतो, मूळ वाणापेक्षा वेगळी रोपं निघायला लागतात. केळीत याचा फटका घड पडल्यावर कळतो, म्हणजे वर्षभर खर्च करून झाल्यावर. म्हणून चांगल्या लॅब फेऱ्यांना मर्यादा घालतात आणि पुन्हा शेतातल्या निवडक झाडापासून सुरुवात करतात. रोपं घेताना दरावर घासाघीस करण्याआधी ‘किती फेऱ्यांची रोपं आहेत’ हे विचारलेलं जास्त फायद्याचं.

कोंब पुरेसे झाले की माध्यमातून सायटोकायनिन काढून घेतात आणि एनएए किंवा आयबीए हे ऑक्झिन घालतात. तेव्हा मुळं येतात. पुढं कोकोपीटचे ट्रे, ओलाव्याचं शेड, हळूहळू ऊन.

टिश्यू कल्चरचा ऊस पहिल्या वर्षी ज्यांनी लावलाय त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल: फुटवे भरपूर, पण कांड्या बारीक. बाटलीत मिळालेल्या सायटोकायनिनचा हा मागे राहिलेला परिणाम मानला जातो. पुढच्या पिढीत, त्याच उसाचं बेणं करून लावलं की, तो निघून जातो आणि ऊस नेहमीच्या जाडीचा येतो. म्हणून ही रोपं थेट कारखान्याला ऊस घालण्यापेक्षा बेणे मळ्यासाठी जास्त योग्य. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्यांनी ते बेणं शेतकऱ्याकडे येतं.

हेच तंत्र दुर्मिळ झाडांनाही उपयोगी पडतं. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांचा मोठा संग्रह आहे. यांतल्या काही जाती एखाद्या डोंगरापुरत्याच उरलेल्या, त्यामुळे कंद उपटून लागवड करणं परवडणारं नाही. एका पेराच्या तुकड्यापासून बीएच्या माध्यमावर त्यांची रोपं करता येतात.

सायटोकायनिनची ताकद माणसाच्या कितीतरी आधी सूक्ष्मजीवांनी ओळखली. झाडाच्या बुंध्याशी गाठ आणणारा अॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. त्यात ऑक्झिन बनवण्याची जनुकं असतात आणि सायटोकायनिन बनवण्याचंही. दोन्ही एकदम वाढली की काय होतं ते वर आलंच आहे: कॅलस. ती गाठ म्हणजे उघड्या रानात वाढलेला कॅलसच, आणि जिवाणू तिच्यावर जगतो. उसातली गवताळ वाढ हा रोग फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवानं होतो. बेट गवतासारखं होतं, फुटव्यांना गणती नाही, पानं फिकट, आणि कांडी धरत नाही. झाडाच्या संप्रेरकांचा तोल गेला की फुटवा कसा निरुपयोगी होतो हे बघायचं असेल तर ते बेट बघावं, आणि बघून झाल्यावर उपटून टाकावं.

याच गटाचं आणखी एक काम आहे ते पानाला म्हातारं होऊ न देण्याचं. तोडलेलं पान पिवळं पडतं. कायनेटिनच्या द्रावणात ठेवलं तर हिरवं राहतं, हे १९५७ मध्येच दिसलं होतं. पिवळ्या पडत्या पानावर एकाच जागी थेंब लावला तर तेवढाच ठिपका हिरवा उरतो, आणि पानाच्या बाकीच्या भागातली अमिनो आम्लं त्या ठिपक्याकडे सरकतात. हे नीट लक्षात घ्यायला हवं. सायटोकायनिन अन्न तयार करत नाही, आहे ते आपल्याकडे ओढतं. ठिपका हिरवा राहतो तो उरलेल्या पानाच्या जिवावर. १९९५ मध्ये विस्कॉन्सिनमध्येच गान आणि अमासिनो यांनी यावर एक हुशार युक्ती केली. पान म्हातारं व्हायला लागलं तरच सुरू होणारी कळ त्यांनी सायटोकायनिनच्या जनुकाला जोडली. पान पिवळं व्हायला लागलं की सायटोकायनिन बनतं, त्यानं म्हातारपण थांबतं, म्हातारपण थांबलं की कळ बंद. तंबाखूची पानं लांबवर हिरवी राहिली आणि अतिरेकही झाला नाही.

भातात याहून सरळ उदाहरण आहे. २००५ मध्ये जपानमध्ये असं सापडलं की हबाताकी या वाणाच्या लोंबीत दाणे जास्त येतात, कारण सायटोकायनिन मोडणारं एक विकर त्यात कमी बनतं. लोंबी घडताना सायटोकायनिन साठून राहतं, फुलं जास्त धरतात. बाहेरून काही फवारलेलं नाही, फक्त मोडतोड कमी.

आता दुकानातल्या पुडीकडे वळू. काउंटरवरचा संवाद साधारण असा असतो.

“फुटवं कमी वाटाय लागल्यात.”

“किती दिसाची लावण?”

“दोन म्हैनं झालं की.”

“मग सिक्स बीए आणि जीएची आळवणी घ्या, आण्णा. आठ दिसात फरक दिसंल.”

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, उंची वाढवणारं संप्रेरक; आळवणी म्हणजे द्रावण बुडाशी ओतणं. फरक दिसतोही कधीकधी. पण नेमकी मात्रा, पावडर कशी विरघळवायची, ती कुठं पडायला हवी, यातलं काही बोलणं होत नाही. सिक्स बीएची पावडर साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. लॅबमध्ये ती सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाच्या चार थेंबांत आधी विरघळवतात आणि मग पाणी घालतात. पंपात थेट टाकलेली पावडर तळाशी बसते, आणि पहिल्या सरीला एक डोस मिळतो, शेवटच्या सरीला दुसराच. शेतासाठी आधीच विरघळवलेलं द्रवरूप औषध मिळत असेल तर ते घ्यावं. त्यावर टक्का लिहिलेला असतो, तो वाचायचा.

पीपीएमचा हिशोब अवघड नाही. एक पीपीएम म्हणजे एका लिटरला एक मिलिग्रॅम. १० पीपीएमचं १०० लिटर द्रावण करायचं तर निव्वळ सिक्स बीए लागतं एक ग्रॅम. औषध दोन टक्क्यांचं असेल तर तेवढ्यासाठी ५० मिलि. पंधरा लिटरच्या पंपाला साडेसात मिलि. ‘एक टोपण’ हे माप नाही.

दुसरी अडचण जागेची. पानावर पडलेलं बीए पडेल तिथंच राहतं, झाडात फार लांब जात नाही, त्या हिरव्या ठिपक्यासारखंच. उसाचे फुटव्याचे डोळे मातीलगत असतात. शेंड्याच्या पानावर तुषार उडवून ते बुडाशी पोचायची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही, म्हणून आळवणीचा सल्ला देतात आणि तो बरोबर आहे. पण आळवणी मुळांवरही पडते, आणि मुळांना सायटोकायनिन आवरतं हे बर्लिनच्या रोपांनी दाखवलंय. पांढऱ्या मुळीसाठी आयबीए, फुटव्यासाठी सिक्स बीए, उंचीसाठी जीए, असं सगळं एका बॅरलमध्ये कालवून सोडणाऱ्यांबद्दल मी एवढंच म्हणेन, की त्यांनी १९५७ चा प्रयोग रानात करायला घेतलाय, पण प्रमाण न मोजता. सांगलीकडचे द्राक्षबागायतदार या बाबतीत जास्त काटेकोर असतात. मणी कितव्या मिलिमीटरला असताना काय आणि किती पीपीएम, हे त्यांच्या वहीत असतं, कारण सीपीपीयूसारखं जबर सायटोकायनिन थोडं जास्त झालं की मणी फुगतो, पण रंग आणि गोडी उशिरा येते.

शेवाळाच्या अर्काच्या बाटल्याही याच कपाटात असतात. समुद्री शेवाळात सायटोकायनिनं असतात हे खरं, पण इतर कितीतरी गोष्टीही असतात, आणि प्रत्येक घाण्यात प्रमाण वेगळं. २०२१ पासून ही उत्पादनं जैव उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. लेबलवर घटक आणि त्यांचं प्रमाण नसेल तर बाटली परत ठेवायची.

आणि वेळ. मोठी भरणी झाली, बुडाला माती लागली, पानांनी सरी झाकली की नवे फुटवे उन्हाअभावी मरतातच. तेव्हा सायटोकायनिन देणं म्हणजे मरणाऱ्या फुटव्यांसाठी साखर खर्ची घालणं. भरणीआधी मात्र एक मोजणी करून बघावी. एकरी ४० हजार गाळपाचे ऊस हवेत असं धरलं, सरी पाच फुटी असली, तर एकरात सरीची लांबी होते सुमारे ८,७०० फूट. म्हणजे सरीच्या दर दहा फुटांत ४६ ऊस. रानात चार-पाच ठिकाणी दहा फुटांची दोरी टाकून जोमदार फुटवे मोजायचे. पन्नासच्या वर निघाले तर पुडी दुकानातच राहू द्यावी. तीसच्या आत निघाले तर आधी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, किती पडल्यात, बेणं कसलं होतं, पाणी साचतंय का, नत्राचा हप्ता कधी पडला, हे बघायचं. त्यातलं काही चुकलं असेल तर तिथं सिक्स बीएचा उपयोग नाही.